घरबसल्या विरंगुळ्याचे बावीस प्रकार

३ मार्च

प्रिय ताई,

पत्रात आधी समोरच्याची खुशाली विचारावी, मग आपलं रडगाणं गावं, हे तूच मला शिकवलंस. तेव्हा विचारते. कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? भाऊजींचं घोरणं अजून शेजारच्या घरापर्यंत जातं का? माझी खुशाली एका शब्दात सांगता येते. मी आडवी आहे.

तुझं पार्सल पंधरा दिवसांपूर्वी पोचलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही पत्त्यापुरतं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं, तर लोकरीचे दोन गुंडे पडले, एक क्रोशाची सुई आणि तो कागद. ‘घरबसल्या विरंगुळ्याचे बावीस प्रकार.’ मथळ्याखाली काहीतरी पांढऱ्या शाईने खोडलेलं होतं म्हणून मी तो उजेडात धरला. ‘वयोगट आठ ते बारा.’ ताई, मी एकोणचाळीस वर्षांची आहे. टॉवर क्रेन चालवते. जमिनीपासून साठ मीटर उंच बसून एका वेळी दोन टन सळई उचलते आणि माणसांच्या डोक्यावरून नेऊन सांगितलेल्या जागी ठेवते. आणि मला तू तुझ्या वाचनालयाच्या बालविभागातला कागद पाठवतेस, ज्यात सहावा प्रकार ‘सावल्यांचे प्राणी करा’ असा आहे.

पण शेवटच्या दोन प्रकारांवरही पांढरी शाई आहे, आणि तिच्यावर तुझ्या हातचे दोन आहेत. ‘डाव्या कुशीवर झोपणे.’ ‘पायांखाली उशी घेणे.’ म्हणजे तुला कळलंय. माझा नवरा बेकरीत आहे, फुगणारी गोष्ट झाकून ठेवणं त्याला कधी जमलेलंच नाही. विचारलं तर कणीक मळतोय असा चेहरा करून उभा राहिला.

तर आता माझ्याकडूनच ऐक. पाचवा महिना आहे. पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय आणि डॉक्टरबाईंनी सांगितलंय की बाळंतपणापर्यंत अंथरूण सोडायचं नाही. उठायचं ते बाथरूमपुरतं. जिना नाही, ओझं नाही, ओट्यापाशी उभं राहणं नाही. आधीची तिन्ही राहिली नाहीत हे तुला माहीत आहे, त्यावर मी लिहिणार नाही. हे राहायला हवं. एवढी एकच गोष्ट आहे, बाकी सगळा टाईमपास.

सगळ्यांना वाटतं मला एका जागी बसून राहण्याचा त्रास होत असेल. माझी केबिन आपल्या जुन्या घरातल्या न्हाणीपेक्षा लहान आहे आणि तिच्यात मी अकरा वर्षं रोज नऊ तास बसलेय. मला बसायला कोणी शिकवू नये. फरक एवढाच, की तिथे मी दोन बोटं हलवली की खाली काहीतरी हलायचं. इथे मी स्वतः हलले तरी नवरा ओरडतो. कंटाळा बसण्याचा नसतो ताई, आपल्यामुळे काहीच न हलण्याचा असतो. तुझ्या बावीस प्रकारांत यावर एकही उपाय नाही. म्हणून मी माझे काढले.

पहिला असा. पलंगापासून ओट्यापर्यंत नवऱ्याकडून कप्प्या ठोकून घेतल्या आणि दोरीवर एक वेताची टोपली टांगली. एक दोरी ओढली की टोपली ओट्याकडे जाते, दुसरी सैल सोडली की खाली टेकते. तिसरी दोरी बाहेरच्या दाराच्या कडीला बांधलीय, म्हणजे कोणी आलं तर मी इथूनच दार उघडते. थर्मास आणण्याआधी नियमाप्रमाणे दीडपट वजनाची चाचणी घेतली, नवऱ्याचे बूट आणि इस्त्री घालून. आता खेळ असा आहे, की टोपलीत एक कच्चं अंडं ठेवायचं आणि ते ओट्यावर न फोडता उतरवायचं. सहा फुटली. सातव्यापासून एकही नाही. नवरा सहा दिवस ऑम्लेट खाऊन कंटाळला, म्हणजे आमच्या घरात कंटाळा आलाच तर तो त्याला आला, मला नाही.

दुसरा प्रकार नवऱ्यावरच आहे. तो दुपारी कामावरून आला की मी त्याला हातांच्या खुणांनी चालवते. तोंडातून शब्द काढायचा नाही. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की उतरव, हात आडवा पसरून तळवा जमिनीकडे ठेवून हलवला की थांब. परवा त्याने कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं, एकही ओरखडा न पडता. उंटावरून शेळ्या हाकते असं म्हणशील. म्हण. खरं तर वर असताना मी ऐकणारी असते. खालून खुणा करणारा असतो तो इशारेवाला, आणि त्याच्याशिवाय कोणी कितीही हात नाचवले तरी आम्ही बघायचंसुद्धा नाही, नाहीतर दहा जणांच्या दहा खुणांत कोणाचा तरी पाय चिरडायचा. अपवाद फक्त ‘थांब’चा. ती खूण कोणीही करावी, साहेबाने, झाडूवालीने, रस्त्यावरून जाणाऱ्याने. थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. अकरा वर्षं दुसऱ्याच्या खुणा पाळल्या, आता उट्टं काढतेय.

तिसरा प्रकार मला आयता मिळाला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक म्हातारे गृहस्थ कुंड्या लावतात. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं त्यांचं, आता बंद केलंय. कानांनी पार मंद आहेत, खालून भोंगा वाजवला तरी मान वळत नाही. एक दिवस ते एक मोठी कुंडी उन्हात न्यायला बघत होते आणि चुकीच्या कोपऱ्यात नेत होते, इथून मला स्पष्ट दिसत होतं. माझ्याच्याने राहवलं नाही. मी खिडकीतून हात केला. त्यांनी बघितलं, आधी गोंधळले, मग मी बोट करीन तिकडे कुंडी नेली. दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता गच्चीवर हजर, माझ्याकडे तोंड करून. नवऱ्याच्या हाती मी सगळ्या खुणा चित्रं काढून पाठवल्या. त्यांनी त्या पाठ केल्या. घड्याळजी माणूस, अर्धं काम त्याला मानवतच नाही. मीही त्यांना कडक शिकवलंय. चित्रात नसलेली खूण म्हणजे खूणच नाही. ‘आणीबाणीचा थांब’ म्हणजे दोन्ही हात पसरून हलवले, तर आहे तसंच उभं राहायचं, ज्याने थांबवलं त्याने सोडेपर्यंत श्वासही विचारून घ्यायचा. रोज अकरा ते साडेअकरा आमची कुंड्यांची कवायत असते. खालून जाणारे लोक मान वर करून बघतात. बघू देत.

तुझ्या यादीत सतरावा प्रकार ‘आवडत्या व्यक्तीला पत्र लिहा’ असा आहे, ‘रोपाला पाणी घाला’ आणि ‘मातीचा हत्ती करा’ यांच्या मधोमध. हे पत्र सतराव्यात धर आणि त्यातून फार अर्थ काढू नकोस. लोकर परत पाठवणार होते, पण टोपलीला अस्तर म्हणून बरी पडते.

उत्तराची घाई नाही.

आडवी झालेली, वाकलेली नव्हे,
तुझी धाकटी


२९ मार्च

प्रिय ताई,

कशी आहेस हे यावेळी विचारत नाही, कारण तू सांगत नाहीस. तुझं कार्ड आलं. ‘बावीसपैकी किती झाले?’ संपलं. तीन शब्दांना तिकीट लावताना तुला काही वाटलं नाही का? तरी खरं सांगते, कार्ड हातात आल्यावर मी हसले. आईनंतर तू मला वाढवलंस तेव्हाही असंच होतं. ‘दात घासलेस? गणितं झाली? वेणी घातलीस?’ माझी नऊ वर्षं, तुझी वीस. बाकीच्या मुलींना आया जवळ घ्यायच्या, मला तू बरोबरच्या खुणा करायला द्यायचीस. मी वाढले तर त्यावरच.

तर, बावीसपैकी साडेतीन झाले. अर्धा म्हणजे क्रोशा. एक मोजा विणायला घेतला, तो आता इतका लांब झालाय की घड्याळजी पक्षी बघायला गच्चीवर आणतात त्या दुर्बिणीला म्यान म्हणून देणार आहे.

आणि मधल्या पार्सलातून आलेलं तुझं ते चित्रकोडं. हजार तुकड्यांचं, झाकणावर वाचनालयाचा ‘बाद’ असा शिक्का आणि त्याखाली तुझ्या हाताने ‘तीन तुकडे नाहीत’. दुसरी कोणी असती तर तिने नसलेले तुकडे तिचे तिला कळतील असं म्हणून गप्प पाठवलं असतं. तू आधी सांगून मोकळी. आम्ही दोघांनी ते नऊ दिवसांत लावलं, पोटावर पाट ठेवून. पाट सारखा हलत होता, कारण पोटातलं आता लाथा मारतं. आकाशाचे निळे तुकडे लावायला घेतले की हटकून मारतं. कोणाचंही ऐकायचं नाही असं दिसतंय, आणि हे कोणाकडून आलं हे तू सांगायची गरज नाही. नवऱ्याने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तीन तुकडे केले. चित्रातल्या बोटीला आता एका बाजूने ‘खुसखुशीत’ असं लिहिलेलं आहे.

रविवारी आमचा इशारेवाला येऊन गेला. त्याला सगळे बगळा म्हणतात, कारण तो एका पायावर भार देऊन तासन्‌तास मान वर करून उभा असतो. आठ वर्षं मी त्याच्या हातांकडे बघून काम केलंय, त्याचा चेहरा मला कधी नीट आठवत नाही, हात डोळे मिटून आठवतात. खुर्चीच्या काठावर बसला आणि म्हणाला, “नवा पोरगा आहे तुमच्या जागी. हुकाला टांगलेला लोड नुसता झोके खातो. परवा काचेची पेटी टेकवायला बावीस मिनिटं लावली.”

मी विचारलं, “मला लागायची किती?”

“सात. पण तुम्ही आता कशाला त्यात पडता? बाळ झालं की दोन-तीन वर्षं जातीलच. मग स्टोअरमध्ये बघू म्हणतात साहेब. बसून काम. हेल्मेट द्यायची-घ्यायची.”

मी त्याला टोपलीतून चहा दिला आणि सांगितलं, की साहेबांना म्हणावं हेल्मेट तुम्हीच द्या. बाळ सहा महिन्यांचं झालं की मी शिडी चढणार आहे. नवरा पहाटे कामाला जातो आणि दुपारी घरी असतो, मी दुपारची पाळी मागून घेईन, हिशेब बसतो. हे मी तुलाही आत्ताच कळवून ठेवते, नंतर कोणाकडून तरी कळायला नको. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असंच तू म्हणणार. पण मुलासाठी मी काय काय सोडलं याची यादी मला त्याच्या हातात द्यायची नाही. तू माझ्यासाठी नर्सिंगचं शिक्षण सोडलंस. एकदाही बोलून दाखवलं नाहीस, आणि मला ते रोज ऐकू यायचं.

हे लिहायचं नव्हतं. पण पेनाने लिहिलंय, आता राहू दे.

मग दुसरंही लिहिते. तीन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू म्हणालीस, “तू चढलीस म्हणून ते गेलं. आता पुरे. थांब.” तिथे बाकावर दोन परक्या बायका होत्या, माझ्या हाताला सलाईनची पट्टी होती. मी तुला म्हटलं की परत माझ्या दारात येऊ नकोस, आणि तू आली नाहीस, कारण तू सांगितलेलं ऐकतेस. आमच्या कामात ‘थांब’ कोणीही म्हणू शकतं असं मी मागे लिहिलं होतं. ते काम चालू असताना. सगळं खाली कोसळल्यावर केली तर तिला खूण म्हणत नाहीत, बोट दाखवणं म्हणतात.

एवढं लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. तितकंसं वाटलं नाही. मला आणखी काही लिहायचं नाही.

धाकटी


२१ एप्रिल

प्रिय ताई,

खुशाली आधी, कारण यावेळी तुला तीच हवी असणार. आहे. पोटात आहे, जिवंत आहे, टाका धरून आहे. सातवा महिना लागला. मी काल घरी आले.

दवाखान्यातून नवऱ्याने तुला फोन केला तेव्हा मी शेजारीच पडलेली होते. तू म्हणालीस, “निघते.” पलीकडे तू कपाटाचं दार उघडल्याचंही मला ऐकू आलं. मी नवऱ्याला मानेनेच ‘नको’ म्हटलं आणि त्याने बिचाऱ्याने तुला तसं सांगितलं. तू फोन ठेवलास. का नको म्हटलं ते लिहायचंय. पण आधी काय झालं ते ऐक, नाहीतर नवऱ्याने सांगितलेलंच खरं धरशील, आणि तो गोष्ट सांगताना रडतो.

मागच्या मंगळवारी अकराची कवायत चालू होती. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात होता. हा माझा गाढवपणा, आणि नवऱ्याचा. घड्याळजींनी सगळ्यात मोठी कुंडी दोन्ही हातांत उचलली होती, आणि मी त्यांना डावीकडे नेत होते. तेवढ्यात मला खाली ओलं लागलं. चादर बघितली. रक्त होतं, थोडं नव्हतं.

आणि ताई, मी काय करावं? ओरडावं, टोपली लोटावी, काहीही. मी दोन्ही हात पसरले आणि आणीबाणीचा थांब दिला. अकरा वर्षांची सवय. कुठेतरी काहीतरी भयंकर झालं की हात आपोआप तेच करतात.

घड्याळजी थांबले. मी शिकवलं होतं तसे. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, हातात ती कुंडी, एक पाय पुढे, आणि दगडासारखा उभा. मी हाताने ‘या, या’ केलं, जसं कोणीही करेल. ते हलले नाहीत. चित्रात नसलेली खूण म्हणजे खूणच नाही, हे माझंच वाक्य. मी खिडकीवर थापा मारल्या, किंचाळले, त्यांना ऐकू कुठे येतंय. त्यांचे हात थरथरत होते, मला इथून दिसत होतं, पण पठ्ठ्या कुंडी सोडेना. मला हसू आलं. एकीकडे रक्त जातंय, आणि मी हसतेय आणि रडतेय. पोटात एक लाथ बसली आणि मी भानावर आले.

मग मी बसून राहिले आणि नियमाने सुरुवात केली. आधी थांब सोडला. बोट खाली करून सावकाश गोल फिरवलं, उतरवा. त्यांनी कुंडी खाली ठेवली, न आपटता. मग ‘माझ्या दिशेने चला’. ते कठड्यापर्यंत आले आणि थांबले. मी पुन्हा तीच खूण केली, आणि पुन्हा. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातांवरून नजर काढून माझ्या तोंडाकडे बघितलं. मग जे पळाले ते पायांत सपाता तशाच ठेवून. खाली रस्त्यावर आले आणि हात आडवा पसरून ‘थांब’ करत गाड्यांच्या मधून चालत आले, आणि गाड्या थांबल्या. मी दोरी ओढून कडी काढली. पुढचं सगळं त्यांनी केलं. फोन शोधला, गाडी बोलावली, त्यांना पलीकडचं ऐकू येईना म्हणून पत्ता तीनदा सांगितला. नंतर दवाखान्यात मला म्हणाले, “साडेचार मिनिटं मी उभा होतो. तुम्ही सोडल्याशिवाय कसा हलणार?” त्यांनी मोजली होती. मी त्यांची माफी मागितली तर म्हणाले, “शिकवणी चांगली होती, फक्त एक खूण कमी पडली.” ती आम्ही आता ठरवलीय. ती तुला सांगणार नाही, आमच्या दोघांची आहे.

आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. रक्त दुसऱ्या दिवशी थांबलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई एकट्या होत्या तेव्हा मी त्यांना एक गोष्ट विचारली. तीच तुला सांगायची आहे, आणि त्याचसाठी तुला ‘नको’ म्हटलं होतं. हे तुझ्या तोंडाकडे बघून मला सांगता आलं नसतं, आणि न सांगता तुझ्या हातचं खाता आलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी मी सगळ्यांना सांगितलं की कळ वर केबिनमध्ये आली, लोड हवेत असताना. तो सोडता येईना म्हणून मी आधी जागेवर ठेवला आणि मग उतरले. लोकांनी माझं कौतुकही केलं. बगळा अजून ती गोष्ट नव्या पोरांना सांगतो. ती खोटी आहे. कळ सकाळी सात वाजता आली, खाली, शिडीच्या पहिल्या पायरीशी. मी पायरीवर कपाळ टेकून थोडा वेळ उभी राहिले आणि मग चढले. सगळ्या पायऱ्या चढले. बोलले असते तर कळलं असतं, कळलं असतं तर मला हेल्मेटं मोजायला बसवलं असतं. हे एक. आणि दुसरं, मला खरंच वाटलं की वर गेलं की बरं वाटेल, कारण मला वर नेहमी बरंच वाटतं.

तू व्हरांड्यात म्हणालीस ते तुला वाटलं होतं त्याहून खरं होतं. म्हणून मी एवढी चिडले. तुझा नेम चुकला असता तर दोन दिवसांत विसरले असते. तीन वर्षं मी तुझ्यावर रागावलेली नव्हते ताई, मी लपून बसले होते. एका जागी बसून राहायची मला सवय आहे असं मी मिरवलं होतं, ती ही.

डॉक्टरबाईंनी मी काय विचारतेय ते पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तेव्हा टाका नव्हता. तू त्या दिवशी चढली नसतीस, महिनाभर झोपून राहिली असतीस, तरी ते थांबलं नसतं.” मी म्हटलं, हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. त्या म्हणाल्या, “तुला बरं वाटतंय की नाही ते बघायला माझ्याकडे वेळ नाही.” त्यांच्या या बोलण्यामुळे मी त्यांच्यावर अर्धा विश्वास ठेवलाय. उरलेला अर्धा मला झोपताना लागतो.

आता तू रड, नाहीतर चिड, नाहीतर यादी कर. पण ‘आता तरी सुधार’ म्हणू नकोस. सुधारणार नाही. हे बाळ मी इथे आडवी पडून पूर्ण वेळ वाढवणार, अंडी उतरवणार, मोजे विणणार, चित्रात ‘खुसखुशीत’ बोटी लावणार, आणि ते हातात आलं की सहा महिन्यांनी वर जाणार. खोटं न बोलता, सांगून, खालून सगळे बघत असताना. या तिन्ही वर्षांत मला हेच एक शिकता आलंय आणि त्यासाठी मला कोणाची परवानगी नको.

एक काम मात्र आहे. काल घरी सोडण्याआधी नर्सने एक फॉर्म भरून घेतला. बाळंतपणाच्या वेळी आत सोबत एकच माणूस चालतो. नवरा स्वतःच नको म्हणाला. पाव कापताना बोटाला सुरी लागली तरी तो जमिनीवर बसतो, हे तुला माहीत आहे. त्याखाली दुसरा रकाना होता. मी शुद्धीवर नसले आणि काही ठरवायची वेळ आली, मला वाचवायचं की त्याला, कापायचं की थांबायचं, तर ते कोणी ठरवायचं. नर्स पेन धरून म्हणाली, “इथे नवऱ्याचं नाव लिहू ना?” नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

दोन्ही रकान्यांत मी तुझं नाव लिहिलंय. फोन नंबर विचारला तर तोंडपाठ निघाला. तुला विचारलं नाही, आणि खोडायचं झालं तर तुला इथे यावं लागेल, कारण असे फॉर्म ते पोस्टाने बदलत नाहीत.

तारीख दहा जुलैची दिलीय, पण माझ्या बाबतीत कोणी खात्री देत नाही, तेव्हा रजा आधीपासून टाक. आल्यावर माझ्याशी भांड, मी भांडेन. मी शुद्धीवर आहे तोवर या घरात, या पोटात आणि त्या खोलीत माझंच चालणार. नसेन, तेव्हा तुझं.

तुझ्याच हातची,
धाकटी